नदीची खोली चार इंच

चोविसाव्या दिवशीही ईशीने मास्तरला तेच सांगितलं. ती नावेतून पडली, नदीच्या ऐन मध्यावर, आणि डोक्याला लागलं.

ईशीच्या वसाहतीपासून नाव तरंगेल इतकं पाणी साठ किलोमीटरवर होतं, आणि तेही श्रावणानंतर. ॲम्ब्युलन्सने तिला उचललं ते भर चौपदरी हायवेवरून. तेव्हा तिचा फ्रॉक कोरडाठाक होता. मास्तरने लाल दिवा लावला.

मास्तर म्हणजे माणूस नव्हे. मुलांच्या मेंदूविभागातल्या त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. पण ते रोज सकाळी दहाला तेच ते प्रश्न विचारायचं, चुकलं तरी रागवायचं नाही आणि बरोबर आलं तरी हसायचं नाही, म्हणून वॉर्डातल्या मावश्यांनी त्याला मास्तर केलं. मुलांच्या डोक्यावर तारांची जी मऊ टोपी चढवत, तिला त्या टोपरं म्हणत.

डोक्याला मार बसलेलं मूल शुद्धीवर येतं, जेवतं, आईला ओळखतं, वरणावर तूप मागतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण मेंदूत घडलेलं टिपून ठेवणारा जो भाग असतो तो अजून झोपलेला असतो. जुनं सगळं जागेवर, नवं काही टिकत नाही. सकाळी भेटून गेलेला मामा दुपारी पुन्हा नव्याने येतो आणि पुन्हा नव्याने खाऊ देतो. मामाचीच काय ती पंचाईत. हे किती दिवस चाललं यावरून मूल कितपत सावरेल याचा अंदाज बांधतात. म्हणून डॉक्टर पिढ्यान् पिढ्या रोज तेच विचारत आले आहेत: नाव काय, आत्ता कुठे आहेस, आज वार कोणता, घर कुठे, वर्गाच्या बाई कोण, काल दाखवलेली तीन चित्रं कोणती. मास्तरने त्यात एका गोष्टीची भर घातली होती. ओळखीचं काही समोर आलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात मेंदूत एक बारीक लाट उठते. ती टोपऱ्याला कळायची. उत्तर बरोबर की चूक हे मास्तर नकाशे, सरकारी नोंदी आणि घरच्यांनी भरलेला फॉर्म बघून ठरवायचा, आणि ते मुलाचं स्वतःचं की कुणी पढवलेलं, हे लाट बघून.

"चित्रं बरोबर, वार बरोबर, बाईंचं नाव बरोबर," डॉक्टर नंदिता चिप्पा म्हणाल्या. "बाकी सगळं तिने विसाव्या दिवसापासूनच सोडवलंय. अडतंय एकाच धड्यात. आपण कुठले, आपलं घर कुठे, आपण पडलो कुठे."

समोर रोहिणी बसली होती, ईशीची आई. परीक्षेच्या वेळी आईबापांना आत सोडत नसत. पोराला कुणी नाव विचारलं की आपल्याकडे आईबापच आधी तोंड उघडतात, "सांग की, सांग मॅडमना, ई... ई..." असं. त्यामुळे चोवीस दिवस रोहिणीने फक्त दारावरचा लाल दिवा पाहिला होता.

"मार बसलेला मेंदू रिकाम्या जागा मनानेच भरतो," डॉक्टर म्हणाल्या. "मूल खोटं बोलत नसतं, त्याला ते खरंच वाटतं. आता, आठवण म्हणजे काही दगडावरचं कोरीव काम नाही. दर वेळी आठवली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि काही तासांत परत घट्ट. मऊ असताना चुंबकाचे हलके ठोके दिले की ती पुसट होते. त्याला आम्ही निवळणी म्हणतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लागोपाठ दोन दिवस हिरवा दिवा लागला नाही, तर त्या दुपारी निवळणी. ॲडमिट करताना तुम्ही सही केलीय."

"मी चाळीस पानांवर सह्या केल्यात. एखाद्या पानावर किडनी दिली असेल तरी मला माहीत नाही."

"किडनीचा विभाग वेगळा आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला. "या तिच्या खोट्या आठवणी. पुसायच्या आधी घरच्यांना दाखवाव्या लागतात."

सतरा होत्या. घर नदीकाठी आहे. शाळा पैलतीरावर आहे. पप्पा नाव चालवतात. पूर आला की शाळेला सुट्टी असते. आई वडाला दोरा बांधते तेव्हा लाइट घालवतात. या शेवटच्या वाक्यापुढे कुणीतरी दोन उद्गारचिन्हं काढली होती.

रोहिणीने कागद दोनदा वाचला आणि तिला हसू आलं. ते थांबेना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अशा वेळी तो कुठल्या हाताने द्यायचा याचंही त्यांना प्रशिक्षण होतं.

"मॅडम," रोहिणी डोळे पुसत म्हणाली, "यातली एकपण खोटी नाही."

तळघोल नावाचं गाव सह्याद्रीच्या पोटात, जांभळी नदीच्या काठी होतं. तेरा वर्षांपूर्वी धरण झालं आणि गाव काठावरून तळाला गेलं. सरकारने माणसं उचलून अडीचशे किलोमीटर पूर्वेला, माळावर ठेवली. पुनर्वसन वसाहत क्रमांक तीन, एकशे चौदा प्लॉट. माळावर झाड नव्हतं, चढ नव्हता, उतार नव्हता. होता फक्त हायवे. वसाहत त्याच्या एका अंगाला. शाळा, शेतं, दवाखाना दुसऱ्या. तळघोलातही असंच होतं, मध्ये नदी होती एवढंच. पहिल्या आठवड्यात रोहिणीचे सासरे, ज्ञानू भोई, जन्मभर नाव चालवलेला माणूस, कुणाला तरी म्हणाले, "नदीपल्याड जाऊन येतो." ऐकणारा हसला नाही. तिथून सुरुवात झाली.

मग ग्रामपंचायतीच्या सात पायऱ्यांचा घाट झाला. बायका संध्याकाळी तिथे बसू लागल्या; धुवायला कपडे नसल्यामुळे माणसं धुऊ लागल्या. ट्रान्सफॉर्मरच्या सिमेंटच्या ओट्याचा वडाचा पार झाला. वटपौर्णिमेला त्याला दोरा गुंडाळतात. वायरमन त्या वेळी लाइट घालवतो. सात जन्म मिळावेत, पण त्यासाठी पहिला लगेच संपू नये म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत गाड्यांची रांग हलेनाशी झाली की गावात पूर येतो. श्रावणात दुभाजकावर नारळ फुटतो आणि ट्रकवाले तो आपल्यासाठीच समजून हॉर्न वाजवून आभार मानतात. आणि ज्ञानूआबांचा मुलगा, रोहिणीचा नवरा धनाजी, पोरांना हायवेपलीकडे नेणारी टमटम चालवायचा. ती नाव. पोरं चढली की तो ओरडायचा, "आत सरका, आज धार जोरात हाय!"

रोहिणी बार्शीकडची. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, वडाखाली भाजीवाली आलीय." रोहिणी तासभर वड शोधत फिरली. ती भूगोल घेऊन बी.ए. झाली होती.

ईशीचा जन्मच इथला. तिच्यासाठी पाण्याची नदी पुस्तकात होती आणि डांबराची दारात, आणि दोन्ही खऱ्या होत्या. चोवीस दिवसांपूर्वी एका ट्रकने अचानक लेन बदलली, धनाजीने ब्रेक मारला, आणि मागच्या फळीवर बसलेली ईशी रस्त्यावर फेकली गेली. धनाजीने त्यानंतर टमटमला हात लावला नव्हता. रोहिणी त्याच्याशी "डबा आणला का" याच्यापुढे बोलली नव्हती.

आणि हॉस्पिटलचा घरमाहितीचा फॉर्म रोहिणीनेच भरला होता, घरात शिकलेली तीच म्हणून. सरकारी कागदावर सरकारी उत्तर लिहायचं, हे शिकलेल्या माणसाला कळतं. गाव: पुनर्वसन वसाहत क्र. ३. घर: प्लॉट ११४. जवळचा जलस्रोत: नाही. अपघात: तीनचाकी वाहनातून. तळघोलाचं नाव तिने कुठेही येऊ दिलं नव्हतं. पोरीला खोटं पाडणारा साक्षीदार तिने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात उभा केला होता.

"मला पटलं," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "आता मास्तरला पटवा."

"तुम्ही लिहा ना, की पोरगी बरोबर आहे."

"पोरगी बरी आहे असं मी लिहीन. हायवे ही नदी आहे असं लिहिलं तर टोपरं माझ्या डोक्यावर चढवतील. आणि माझ्या एकटीच्या लिहिण्याने निवळणी थांबत नाही, समिती मास्तरचा दिवा बघते. मास्तर नकाशा बघतो."

"मग मी तिला नकाशातलं शिकवते. प्लॉट एकशे चौदा. लक्षात ठेवेल ती, आता राहतंय लक्षात."

"करून बघा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे त्यांनी आधी पाहिलंय.

रोहिणीने संध्याकाळभर घोकून घेतलं. ईशी शहाण्यासारखं म्हणत होती. मध्येच तिने विचारलं, "मम्मी, वसाहत क्रमांक तीनमध्ये कोण राहतं?"

"आपण."

"आणि तळघोलात?"

रोहिणीने तिच्या केसांना हळूच फणी लावली, टाके चुकवून. "परत म्हण. प्लॉट एकशे चौदा."

पंचविसाव्या दिवशी ईशीने खणखणीत आवाजात सांगितलं, "पुनर्वसन वसाहत क्रमांक तीन, प्लॉट एकशे चौदा." शब्द बरोबर होते. लाट उठली नाही. मास्तरने लाल दिवा लावला आणि शेरा दिला: पढवलेलं.

म्हणजे जे ईशीच्या ओळखीचं होतं ते नकाशात नव्हतं, आणि जे नकाशात होतं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. तीन दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी नदी जाणार होती, घाट, वड, नाव, पूर, सगळं. नऊ वर्षांच्या पोरीतून एवढं काढल्यावर मागे जे उरणार होतं, त्याला प्लॉट एकशे चौदा हेच नाव शोभलं असतं.

त्याच संध्याकाळी, ईशीजवळ नणंदेला बसवून रोहिणी वसाहतीत आली आणि घाटावर ग्रामसभा भरली. सरपंच फुलाबाईंनी विषय ऐकला आणि म्हणाल्या, "पोरीला नकाशापरमानं करता येत न्हाई, तर नकाशा पोरीपरमानं करू. अर्ज असंल की काहीतरी."

अर्ज होता. 'भूगोल-दुरुस्ती, नमुना नऊ: नोंदीत नसलेला जलप्रवाह.' मोबाइलवरच भरायचा.

"सरकारला खोटं कसं लिवायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"सरकारनं आपल्याला लिवलं हुतं, तिकडं पाणी हाय, झाडी हाय," फुलाबाई म्हणाल्या. "त्येच्यापरास आपलं खरं हाय. रोहिणी, वाच."

"नदीची रुंदी."

"चार पदर आन् मदलं धरून सत्तर फूट," धनाजी म्हणाला. तो लांब, शेवटच्या पायरीवर बसला होता.

"बेटं आहेत का?"

"एक. लांबच लांब. कण्हेरी लावल्यात."

"जलचर?"

"सोळा चाकी," एक म्हातारा म्हणाला, आणि अख्खा घाट हसला.

"खोली."

यावर बराच खल झाला. वसाहतीतले दोघे रस्त्याच्या कामावर होते, त्यांनी शेवटी शपथेवर सांगितलं: डांबर चार इंच. रोहिणीने लिहिलं, चार इंच.

"प्रवासी वाहतूक होते का?"

सगळ्यांनी धनाजीकडे बघायचं टाळलं, त्यामुळे तो कुठे बसलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"होत हुती," तो म्हणाला.

रोहिणीने त्याच्याकडे पाहिलं. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याची दाढी वाढली होती आणि त्यात पांढरं आलं होतं. तिने 'होय' वर टिचकी मारली आणि म्हणाली, "पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न होता: 'नदीचे स्वरूप. जास्तीत जास्त पन्नास शब्द.' सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटले. त्यांनी हायवेचं स्वरूप सांगितलं नाही.

"वाघजाईच्या मागं उगावायची. तितं वंजळभर पाणी," ते म्हणाले. "खाली येईस्तवर मोटी व्हायची. सकाळची पैली खेप न्यायचो तवा धुकं असायचं. पल्याडचा काठ दिसायचा न्हाई. तितनं कुणीतरी हाक मारायचं, 'ज्ञानूऽऽ'. आन् मी हाकेच्या रोखानं वल्हं मारायचो. हाक वळकायचो, माणूस मागनं दिसायचा. वाणीणबाईची हाक बारीक, शाळामास्तरांची खाकरून. डोहापाशी आलं की वल्ह्याचा आवाज बदलायचा. खोल पाण्याचा आवाज येगळा असतोय, पोरी. ऊन आलं की पाणी पिकल्या जांभळावानी दिसायचं. म्हनून जांभळी. उनाळ्यात पाणी उतरलं की मदी एक खडक वर यायचा, त्येच्यावर बसून धनाजीची आय भाकरी खायाची. तिला घरी भाकरी ग्वाड लागायची न्हाई."

ते वीस मिनिटं बोलत होते. मधूनच कुणीतरी "व्हय, व्हय" म्हणत होतं. पलीकडून ट्रक जात होते आणि त्यांचे दिवे पायऱ्यांवरून सरकत होते. रोहिणी अकरा वर्षं या घरात होती. तिने वड शोधला होता, घाट शोधला होता, पण ही नदी कशी होती हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. पन्नास शब्दांत काय बसवायचं ते तिला सुचेना. उगम तिने एका शब्दात उरकला, भाकरी सोडून दिली, तेव्हा तिला ती स्वतःच्या हाताने कुणाच्या तरी ताटातून उचलल्यासारखी वाटली. धुकं आणि हाका ठेवल्या.

नदीकाठचं गाव: तळघोल. अर्जदार: ज्ञानू रामा भोई. आबांनी अंगठ्याजवळचं बोट टेकवलं. रात्रीच्या जेवणाआधी अर्ज गेला.

तो दुसऱ्या दिवशी मंजूर झाला, कारण मध्ये एकही माणूस नव्हता. राज्याच्या नकाशावर पुनर्वसन वसाहत क्रमांक तीनच्या दारातून, कुणालाही कळायच्या आत, जांभळी वाहू लागली. वसाहतीच्या नावाशेजारी कंसात बारीक अक्षरात तळघोल. त्या नकाशाच्या जोरावर रोहिणीने हॉस्पिटलचा फॉर्मही बदलून दिला: गाव तळघोल, अपघात नावेतून.

सत्ताविसाव्या दिवशी मास्तरने विचारलं, "घर कुठे?"

"तळघोल. नदीकाठी."

हिरवा दिवा लागला तेव्हा रोहिणी दाराबाहेर उभी होती. तिने एका अनोळखी नर्सला मिठी मारली. नर्स दुसऱ्या विभागाची होती, पण तिने समजून घेतलं.

घरी फोन लावला तर फुलाबाई म्हणाल्या, "तितं हिरवा, पर हितं लाल."

ज्या यंत्रणेने नदी मंजूर केली तिनेच, आपलं काम चोख करत, नदीची पूररेषा आखली होती. वसाहत त्या रेषेच्या आत. एकशे चौदा घरांना एकशे चौदा नोटिसा: आपले घर जांभळी नदीच्या पात्रालगत असून आपण उद्या सायंकाळी सहापर्यंत सुरक्षित स्थळी हलावे. नदीच्या नावाने आलेली तळघोलकरांची ही दुसरी नोटीस. पहिली आली तेव्हा गावात तीन दिवस चूल पेटली नव्हती. ही आल्यावर फुलाबाईंनी चहा टाकला.

"नदी मागे घेतली की नोटीस रद्द होते, मी वाचलंय," रोहिणी म्हणाली. "पण आज घेतली तर उद्या ईशीचं उत्तर परत चुकेल."

"मग आज कोन घेतोय? उद्या हिरवा लागू दे. तवर आमी बुडत न्हाई."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी आठला वसाहतीत बचाव पथक आलं. केशरी जॅकेट घातलेले बारा जवान आणि ट्रेलरवर एक रबरी होडी. पथकप्रमुखाने चारी दिशांना पाहिलं.

"पाणी कुठंय?"

"येईल की. बसा," फुलाबाई म्हणाल्या आणि पोह्यांच्या ताटल्या फिरवल्या.

ज्ञानूआबा होडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. तळ दाबून पाहिला, वल्हं हातात तोललं. "हलकं हाय," ते नापसंतीने म्हणाले. मग कुणी काही म्हणायच्या आत ते आत जाऊन बसले, तोंड हायवेकडे करून. पथकप्रमुखाने त्यांना उठवायला एका जवानाला पाठवलं. तो जवान कोकणातला होता. तो आबांशी काहीतरी बोलला आणि शेजारी बसून राहिला.

हॉस्पिटलात दहा वाजता टोपरं चढलं. मास्तरने सगळे प्रश्न विचारले. शेवटचा होता, "अपघाताच्या वेळी तू कुठे होतीस?"

"नावेत. पप्पांच्या."

डॉक्टर पडद्यावर लाट बघत होत्या. त्यांनी नंतर रोहिणीला सांगितलं की इतकी उंच लाट त्यांनी एखाद्या मुलाला आईचा फोटो दाखवल्यावरच पाहिली होती. हिरवा दिवा लागला. समितीने कागद बंद केला, आणि बंद झालेला कागद मास्तर पुन्हा उघडत नाही. निवळणीच्या खोलीत दुपारी दुसरं मूल गेलं.

धनाजी टमटम घेऊन आला होता. फळीच्या जागी त्याने लोखंडी दार बसवून घेतलं होतं, त्याला दोन कड्या. रोहिणीने दोन्ही कड्या ओढून पाहिल्या आणि ईशीला घेऊन आत बसली. मग ती म्हणाली, "धनाजी, सावकाश." तो इतका सावकाश निघाला की मागून एक सायकलवाला शिव्या देऊन पुढे गेला.

घरी पोचायला चार वाजले. पथक अजून पोह्यांवर होतं, पण संध्याकाळी सहानंतर त्यांना घरं रिकामी करायचा हुकूम होता. नदी आता मागे घ्यायलाच हवी होती. ती ज्याच्या नावावर तोच मागे घेऊ शकत होता. आबा होडीतून उतरले आणि घाटाच्या पायरीवर टेकले. चष्मा घरी राहिला होता. ईशी त्यांच्या कुशीत शिरून मोबाइल धरून बसली, डोक्याला रुमाल बांधलेला.

"आबा, हे विचारतंय, नदी नाहीशी होण्याचं कारण काय. आणि लिहायचं नाही, तीनच दिलेत, त्यातलं एक निवडायचं."

"वाच."

"एक. उन्हाने आटली." तिने पडदा वर सरकवला. "दोन. प्रवाह वळवला."

"पुढं."

"तीन. धरणात गेली."

फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. तेरा वर्षांत इतक्या कागदांवर सह्या झाल्या होत्या, प्लॉटच्या, रेशनच्या, विजेच्या. हे त्यांना आजवर कुठल्याच कागदाने विचारलं नव्हतं.

आबांनी हात पुढे केला. ईशीने त्यांचं बोट धरून तिसऱ्या ओळीवर नेलं आणि सोडलं. बोट तिथेच राहिलं. पडदा पुढे सरकेना. ईशीने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली,

"आबा, आता बोट उचला."